‘ओके’ म्हणजे संमती नव्हे

आज आईला घेऊन तिच्या बँकेत गेले होते आणि तिथून जो संताप घेऊन परतले, तो अजून उतरलेला नाही. बाबांच्या पश्चात मिळालेल्या पैशांची मुदत ठेव संपली, तेव्हा तिचे नूतनीकरण करायला गेलेल्या आईच्या हाती दरवर्षी हप्ता भरावा लागणारी विमा पॉलिसी देण्यात आली होती. आमची तक्रार ऐकून घेतल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने विमा कंपनीच्या पडताळणी फोनचे ध्वनिमुद्रण लावले आणि शांतपणे म्हणाला, “ऐका, मॅडम स्वतः ओके म्हणाल्या आहेत.”

म्हणाली आहे खरी. पलीकडची मुलगी घाईघाईच्या हिंदीत विचारते, “प्रीमियम हर साल भरना है, आपने सब पढ़ लिया है ना?” आणि मागे कुकरची शिट्टी होत असताना आई म्हणते, “ओके.” आता मला सांगा, “वाचले का?” या प्रश्नाचे उत्तर “हो” किंवा “नाही” असू शकते, “ओके” हे त्याचे उत्तर होऊच शकत नाही. उत्तर मिळालेले नाही हे त्या मुलीलाही कळले असणार, तरीही तिने पुढचा प्रश्न विचारला, कारण तिला फक्त रकाना भरायचा होता.

घरी येऊन कुटुंबाच्या ग्रुपवर हे लिहिले, तर एका नातेवाइकांनी सांत्वन म्हणून ‘ओके म्हणजे झिरो किल्ड, युद्धात कोणी मेले नाही की तसा फलक लावत’ हे जुनेच फॉरवर्ड पाठवले. या शब्दाचा जन्म युद्धभूमीवर झालेला नाही, तो एका वर्तमानपत्री थट्टेतून झाला. १८३८-३९च्या सुमारास बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे करण्याचा नाद लागला होता. ‘ऑल राइट’साठी ते ‘ओ. डब्ल्यू.’ लिहीत. त्याच खोडसाळपणात २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’साठी (all correctचे मुद्दाम ‘oll korrect’ करून) ‘ओ. के.’ छापून आले. म्हणजे सगळे अचूक आहे असे सांगणाऱ्या या शब्दाची दोन्ही अक्षरे चुकीची आहेत! पुढच्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहूक या गावावरून ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत ओके क्लब काढले; व्हॅन ब्यूरन निवडणूक हरले, शब्द मात्र टिकला. हा सगळा माग कोलंबिया विद्यापीठातील ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४मध्ये लेख लिहून पुराव्यांसह मांडला, तरी आपल्याकडे फॉरवर्डच खरे.

त्यानंतर तारायंत्रावर काम करणाऱ्यांनी हा शब्द उचलला, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. तिथे ओके म्हणजे संदेश पोहोचल्याची पोच. संदेशात काय आहे, ते पटले की नाही, याच्याशी तारबाबूचा संबंध नव्हता. आईचे ओके नेमके तेच आहे. मावशीशी फोनवर बोलताना ती दर वाक्याला ओके म्हणते, त्याचा अर्थ ‘ऐकते आहे, बोल’ एवढाच असतो. आजी गोष्ट सांगताना आपण हुंकार भरायचो, तसा. हुंकार भरला म्हणून राक्षसाची बाजू आपल्याला पटली, असे कोणी धरले नव्हते.

शब्द इथे येऊन किती सैल झाला आहे तेही पाहा. २०२२च्या जूनमध्ये सांगोल्याच्या आमदारांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटिलाचे कौतुक करताना उच्चारलेले ‘ओक्के’ महिनाभर सगळ्यांच्या तोंडी होते. ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर आपल्या राज्य सरकारने २०१५मध्ये विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून बंदी घातली, त्या मधल्या ओकेचा अर्थ विचाराल तर प्रत्येक चालक निराळा सांगेल. इतक्या लवचीक शब्दावर एका विधवेची जन्माची पुंजी टांगायची आणि वर ‘पुरावा आहे’ म्हणायचे?

आईने सही करण्यापूर्वी वाचायला हवे होते, हे मान्य. त्या अधिकाऱ्यावरही वरून टार्गेटचा रेटा असतो, हेही मान्य, आणि खरे सांगायचे तर ध्वनिमुद्रण संपल्यावर त्याने आईला पाणी आणून दिले तेव्हा त्याची मान खाली होती. पण आईची मान त्याहून खाली होती, त्याचे काय करायचे? रिक्षात ती मलाच समजावत होती की पॉलिसी देणारा तो मुलगा बोलायला फार चांगला होता, मधेच अडवून ‘समजले नाही’ म्हणणे बरे दिसले नसते. आपल्या आयांच्या पिढीला समोरच्याला अडवणे हा उद्धटपणा वाटतो, आणि ही भिडस्त माणसेच या विक्रीचे हक्काचे गिऱ्हाईक ठरतात.

पडताळणी करायचीच असेल तर ती ग्राहकाच्या भाषेत करा, आणि प्रश्न असा विचारा की ज्याला ओके म्हणून सुटताच येणार नाही: तुम्ही काय घेतले आहे, किती वर्षे भरायचे आहे, मधेच थांबलात तर किती परत मिळतील, हे तुमच्या शब्दांत सांगा. आईला यातले एकही सांगता आले नसते आणि पॉलिसी तिथेच थांबली असती. कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहोत, आणि त्या ध्वनिमुद्रणाची प्रत आम्ही स्वतःहून त्यांच्यापुढे ठेवणार आहोत.