दिवस नव्हे, रात्र मोजली जाते

दिवस लहान झाला की शेवंती फुलते, असे फुलण्याविषयीच्या एका लेखात वाचले; टोमॅटोलाही त्यात शेवंतीच्याच पंक्तीत बसवले होते. शेवंतीबाबतचे विधान व्यवहारात बरोबर असले, तरी झाड प्रत्यक्षात मोजते ती अखंड अंधाराची लांबी. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झँथियम नावाच्या रानटी तणावर प्रयोग करून, लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश दिला तरी फुलणे थांबते, हे दाखवून दिले होते. आमच्या नाशिकच्या अंगणात शेवंतीची एक कुंडी रस्त्यावरील दिव्याच्या थेट उजेडात होती. मार्गशीर्ष उजाडला तरी तिच्यावर नुसता पाला, आणि चार हातांवर भिंतीआडच्या कुंडीत मात्र कळ्यांचे घोस. (खताला दोष देऊन मी दोनदा शेणखत घातले, ते वेगळेच.) टोमॅटोला मात्र लेखकाने याच पंक्तीत बसवायला नको होते, दिवसाच्या लांबीचे त्याला फारसे सोयरसुतक नसते.