हजेरीपटावर आम्ही, ग्रंथालयात नाही

परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तिसऱ्यांदा हात हलवत परत आले. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 31 वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या गावातल्या 1972 च्या दुष्काळाबद्दल लिहायला घेतलंय. गावचा पाझर तलाव त्याच वेळच्या दुष्काळी कामावर झाला. तिथे खडी फोडलेल्या बायकांपैकी चौघी हयात आहेत. त्यांचं सांगणं वहीत उतरवून घेतलं, पण मजुरी किती होती, पगार किती आठवडे लांबायचा, सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा पौष्टिक खाऊ, कधी सुरू झाली, याची चौघींची चार उत्तरं. ताडून बघायचं तर त्या काळच्या पाहण्यांचे अहवाल आणि टंकलिखित प्रबंध हवेत. तालुक्याच्या 'अ' वर्ग वाचनालयात ते नाहीत. तिथे कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत. अहवाल आहेत विद्यापीठात.

"मॅडम, कुठल्या कॉलेजच्या?"

"कुठल्याच नाही. मी इथलीच."

मग गाईडचं पत्र आणा, विभागप्रमुखांची शिफारस आणा. मला या वयात गाईड कुठून असणार? पुस्तक घरी न्यायचंच नव्हतं. तिथेच बसून टिपणं काढायची होती. काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही, तो बिचारा ओशाळला होता. त्याच्या डोक्यावर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची तसबीर होती. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, तिला हार घालतात. 1931 साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. पहिलं, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. त्यात कॉलेजचं नाव विचारलेलं नाही.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती यायच्या आधी याच विद्यापीठाची माणसं आमच्या गावात आली होती. विस्तारकार्याला गुण असतात. 'ग्रामस्थांसाठी ग्रंथालय सेवा' असा मथळा असलेल्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या, फोटो काढले. चांगलं काम होतंय म्हणून मीही आनंदानं सही केली. ती सेवा मागायला गेले तर मी बाहेरची ठरले.

विद्यापीठ ज्या माळावर उभं आहे, त्यातली तीन एकर माझ्या सासऱ्यांची. तिथेच सकाळी फिरायला वार्षिक पास मिळतो. आधार कार्ड दाखवायचं, पैसे भरायचे, झालं. माझे यजमान चार वर्षं जातायत. म्हणजे बाहेरच्या माणसाला नोंद करून आत कसं घ्यायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

पुस्तकं चोरीला जातात म्हणतात. मग अनामत घ्या, पिशवी बाहेर ठेवायला लावा, मागणी चिठ्ठीवर पुस्तक टेबलावर आणून द्या. परीक्षेच्या दिवसांत मुलांना जागा पुरत नाही, हे मी शिक्षिका म्हणून समजू शकते. ते दोन महिने आम्ही येणार नाही. पण उरलेले दहा महिने?

आणि हे एका विद्यापीठापुरतं नाही. केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आणली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकं ऑनलाइन वाचायला. सरकारी संस्थांतल्या मुलांना आणि संशोधकांना ती मिळतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पैसा सगळ्यांचा असताना योजना संस्थेच्या दाराशीच थांबते. गावातला डॉक्टर, शेतीत प्रयोग करणारा पदवीधर, निवृत्त शिक्षक यांचं काय? निदान ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचायची मुभा तरी सर्वांना हवी.

सोमवारी पुन्हा अर्ज दिलाय, लेखी. आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवली आहे. दुसऱ्या कुणाला आपल्या शहरात असा प्रवेश मिळाला असेल तर कसा मिळाला ते कमेंटमध्ये जरूर लिहा, मला अर्जाला जोडता येईल.

चौघींतल्या सगळ्यात थोरल्या आजी आता 91 वर्षांच्या आहेत. भेटले की विचारतात, "बाई, घावला का कागूद?"