डोळ्यांवर कातडं

सापाला पापण्या नसतात. त्यामुळे तो झोपलाय, रागावलाय की आपल्याकडे सरळ दुर्लक्ष करतोय, हे डोळे बघून कळत नाही. पापणीच्या जागी त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो. अंगाची कात निघताना या खवल्याचा वरचा थरही तिच्याबरोबर निघून यायला हवा. बहुतेक वेळा येतो. येत नाही तेव्हा एका हातात कापसाची काडी आणि दुसऱ्या हातात यूट्यूब घेतलेला घरातला माणूस हा सापापेक्षा जास्त धोकादायक प्राणी होतो.

मी सांगतेय ते मुख्यतः शिकागोकडच्या हिवाळ्याबद्दल आणि बॉल पायथनबद्दल. इकडच्या मराठी घरांत साप मुलाच्या हट्टानं येतो, मुलगा कॉलेजला जातो आणि साप आईच्या गळ्यात पडतो, दोन्ही अर्थांनी. हा अजगर मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. तिथला कोरडा काळ तो उंदरांच्या बिळात किंवा वारुळात काढतो, कारण आत ओल टिकते. इथे त्याच्या नशिबी जाळीचं झाकण असलेली काचेची पेटी, वर दिवा आणि नोव्हेंबरपासून धडधडणारं हीटिंग. घरातली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. त्याला हवी किमान 60, कात टाकायच्या दिवसांत 70 ते 80. आपल्या टाचा फुटतात तेव्हा आपण निदान तक्रार तरी करतो.

(भारतातल्या वाचकांसाठी: नाग, धामण, आपला अजगर घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बाकी कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याची काळजी करायला नको. तिथे पुस्तकांनाही बुरशी येते. एसी लावलेल्या खोलीत मात्र तीच रड.)

कात टाकायच्या आधी डोळे दुधी-निळे होतात. जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव भरतो म्हणून. व्हिडिओ कॉलवर हे डोळे दिसले की भारतातून मोतीबिंदूचं निदान होतं आणि ओळखीच्या सर्जनचं नावही सुचवलं जातं. काही दिवसांनी डोळे आपोआप स्वच्छ होतात आणि त्यानंतर साधारण तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानं, कात निघते. या काळात त्याला हाताळू नये आणि खायलाही घालू नये. त्याला नीट दिसत नसतं, आणि नीट न दिसणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चांगली कात अखंड निघते, मोजा उलटा करून काढावा तशी. ती लगेच कचऱ्यात टाकू नका. वाळून चुरगळली असेल तर डोक्याकडचा भाग कोमट पाण्यात भिजवून हलक्या हातानं उलगडा आणि उजेडासमोर धरा. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक, किंचित फुगीर चकत्या, म्हणजे डोळ्यांवरच्या खवल्यांचे निघालेले थर, दिसल्या तर विषय संपला. तिथे भोक असेल तर चकती सापाकडेच राहिली असण्याची शक्यता आहे.

शक्यता म्हणतेय, कारण गडबड इथूनच सुरू होते. खरोखर अडकलेली चकती मळकट, चंदेरी दिसते. टॉर्च तिरका धरला तर कधी कडेला उचललेली किनारही दिसते. पण बॉल पायथनच्या डोळ्याला नुसता खळगा पडणं किंवा सुरकुती येणं वेगळं. अंगात पाणी कमी पडलं तरी तसं होतं, कात पूर्ण निघालेली असताना सुद्धा. तेव्हा खळगा बघून जो चिमटा उचलतो, तो मुळात नसलेली चकती काढायला निघालेला असतो. हाताला लागतो तो जिवंत खवला. तो फाटला की खाली बुबुळ उघडं पडतं, आणि झाकायला पापणी नाही. ते कोरडं पडतं, जंतुसंसर्ग होतो, डोळा जातो. म्हणून चिमटा नको, नख नको आणि कुणीतरी ठामपणे सुचवलेली चिकटपट्टी तर नकोच.

घरगुती उपायांचा विभाग आपले नातेवाईक सांभाळतात. खोबरेल, तूप, मध, गुलाबपाणी. एरवी सापाच्या नावानं पाय पोटाशी घेणाऱ्या मावशीसुद्धा या बाबतीत उदार होतात. त्यांना नम्रपणे सांगावं लागतं की मावशी, याला तेल नको, पाणी हवंय.

ते पाणी डोळ्यात नव्हे, आधी पेटीत घालायचं. तबकडीवाल्या स्वस्त आर्द्रतामापकावर माझा अजिबात विश्वास नाही. तो मनाला येईल ते सांगतो. डिजिटल घ्या आणि तोही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी, ओल्या वाळूइतपत. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आकडा 75 च्या आसपास यायला हवा. मग जाळीचा बराचसा भाग फॉइलनं झाका, दिव्याभोवतीची जागा मोकळी सोडून. फवारे मारत बसण्यापेक्षा नारळाच्या भुशाच्या थरात कोपऱ्यातून पाणी ओतावं. खाली ओल राहते, वर कोरडं. वरचा थर सतत चिंब राहिला तर पोटाचे खवले सडतात.

शिवाय एक ओला डबा. पिल्लाला किलोचा श्रीखंडाचा डबा पुरतो, मोठ्याला झाकणाचा प्लास्टिकचा खोका. बाजूला अंगापेक्षा रुंद भोक, कडा घासून गुळगुळीत, आत स्फॅग्नम शेवाळ भिजवून घट्ट पिळलेलं. डबा पेटीच्या उबदार बाजूला. साप स्वतःहून आत जाऊन बसतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

घाई असेल तर ओल्या, कोमट टॉवेलच्या घड्यांमधून त्याला पंधरा-वीस मिनिटं फिरू द्या. अंगावर राहिलेले तुकडे यात छान निघतात. टबातली आंघोळही चालते. पाणी 28 ते 30 अंश सेल्सियस, सापाच्या निम्म्या उंचीपर्यंत, आणि तिथून हलायचं नाही. दाराची बेल वाजली तरी.

यानंतरही चकती दिसत असेल तर डोळ्यांच्या कोरडेपणावरचं साधं वंगण-जेल, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजवालं, दिवसातून दोनदा एकेक थेंब, काही दिवस. लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडवाले थेंब चुकूनही नकोत. मग ओली कापसाची काडी नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, दाब न देता, हलकेच फिरवायची. सुटायची असेल तर सुटते. नाही सुटली तर काडी खाली ठेवायची आणि पुढच्या कातीची वाट बघायची; ओलावा नीट असेल तर बहुधा तीच ही जुनी चकती घेऊन जाते. सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, कारण आपले हात शिवशिवत असतात. सापाची काही हरकत नसते. बॉल पायथनला ओठांवरच्या खाचांनी उष्णता कळते, त्यामुळे डोळा धूसर असला तरी उंदीर त्याला बरोब्बर सापडतो.

थांबू नये अशी प्रकरणंही आहेत. चकतीवर चकती असे थर साचले, डोळा फुगून बाहेर आला किंवा आत पिवळट दिसू लागलं, तर थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. सापाच्या डोळ्यातलं पाणी एका नळीतून तोंडात उतरतं. ती तुंबली की डोळा फुगतो, आणि तोंडातला संसर्गही याच वाटेनं वर चढतो. डोळ्याच्या कडेला मिऱ्याच्या भुकटीसारखे हलणारे ठिपके दिसले तर ते गोचिडांचे भाऊबंद, माइट. मग साप, पेटी, भुसा, सगळंच साफ करायला निघतं.

डॉक्टरकडे जाताना काल निघालेली कात पिशवीत घालून बरोबर न्या. भिंगाखाली ती उलगडल्यावर दोन्ही चकत्या तिच्यातच चिकटून बसलेल्या सापडल्या, असंही होतं. फी मात्र साप तपासल्याचीच लागते.