ब्राउझर विचारत नाही म्हणून पासवर्ड वहीत उतरवू नका

मराठवाड्यातल्या ई-सेवा केंद्रचालकांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला असा: ‘पोर्टलने पासवर्ड सेव्ह करणं बंद केलं असेल तर ब्राउझरचं काही चालत नाही. ते सुरक्षेसाठीच असतं. वहीत लिहा, नाहीतर सगळीकडे एकच ठेवा.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

ब्राउझरचं चालतं. पोर्टलने कोडमध्ये ‘ऑटोकम्प्लीट ऑफ’ (म्हणजे हा रकाना जपू नका, आपोआप भरू नका) असं लिहिलं, तरी क्रोम ३४ आणि फायरफॉक्स ३८ पासून लॉगिनच्या रकान्यात ते मानलं जात नाही. तरीही ‘पासवर्ड सेव्ह करू का’ अशी विचारणा होत नसेल, तर आधी कधीतरी घाईत ‘नेव्हर’ दाबलं गेलंय का ते बघा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सोयीच्या) सेटिंग्जमध्ये ‘डिक्लाइन्ड साइट्स’ची यादी असते, फायरफॉक्समध्ये पासवर्डखालीच ‘एक्सेप्शन्स’. तिथून साइट काढून टाका.

यादीत साइट नसेल, तर अडचण पानाच्या बांधणीत असते. युजर आयडी एका पानावर आणि पासवर्ड दुसऱ्यावर, किंवा साधाच रकाना ठिपके दाखवून पासवर्डसारखा केलेला. अशा वेळी पासवर्ड मॅनेजरमध्ये ‘अ‍ॅड’ दाबून नोंद हाताने करा. पत्ता लॉगिनच्या पानावरूनच उचला. मुख्य पानाचा पत्ता वेगळा असला तर नोंद जुळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. काही पोर्टल लॉगिन दाबताच रकान्यातल्या पासवर्डच्या जागी त्याचा हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली सांकेतिक ओळ, टाकतात आणि ब्राउझर कधीकधी तोच जपून ठेवतो. मग दुसऱ्या दिवशी ‘चुकीचा पासवर्ड’ येतो, दोन-तीनदा प्रयत्न केला की खातं लॉक होतं, आणि पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला शेतकरी रांगेत ताटकळतो. सेव्ह झालेली नोंद उघडून बघा: ३२ किंवा ६४ अक्षरांची, फक्त आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असलेली ओळ दिसली तर तो हॅश. एडिट करून खरा पासवर्ड घाला, आणि पुढे ‘अपडेट’ विचारलं तर नको म्हणा.

सुरक्षेचं म्हणाल तर तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं २०१७ चं मार्गदर्शन उलटंच सांगतं: साइटने पासवर्ड पेस्ट करू द्यावा, म्हणजे लोक पासवर्ड मॅनेजर वापरतील. शिवाय हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटवर माणूस फसतो, पण पत्ता जुळत नाही म्हणून ब्राउझर तिथे आपणहून पासवर्ड भरत नाही. वहीला हे कळत नाही. आणि एकच पासवर्ड सगळीकडे असला, की एक फुटला म्हणजे सगळे फुटले.

काळजी एका ठिकाणी खरीच घ्यावी लागते. केंद्रावरचा संगणक चौघे वापरतात आणि विंडोजला पासवर्ड नसतो. मग बसेल त्याला सगळं उघडं. प्रत्येकाचं विंडोज खातं वेगळं करा, फायरफॉक्स असेल तर ‘प्रायमरी पासवर्ड’ (सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डांना लावलेलं एक कुलूप) लावा. गिऱ्हाइकाचा पासवर्ड मात्र केंद्रावर सेव्ह करूच नका.