‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

सांगलीतल्या आमच्या ऑफिसात कुणाचं लॉगिन होईना झालं की दोनच वाक्यं ऐकू येतात. साहेब म्हणतात, “मॅडम, पासवर्ड विसरला असाल.” एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेला माणूस, म्हणतो, “फॉरमॅट मारावं लागेल.” स्क्रीनवर काय लिहून आलंय, हे दोघांपैकी एकानंही वाचलेलं नसतं. कॉम्प्युटरचं काम बघतो मी, आणि खरं सांगतो, बिघाडानं डोकं फिरत नाही, या दोन वाक्यांनी फिरतं.

पासवर्ड चुकला तर एक मेसेज येतो. खातं लॉक झालं असेल तर वेगळा. सर्व्हर सापडत नसेल तर तिसराच. मशीन आणि डोमेन (एका सर्व्हरच्या ताब्यातलं ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं जाळं) यांच्यातला विश्वास तुटला असेल तर तसं स्पष्ट लिहून येतं. प्रत्येकाचं कारण निराळं, इलाज निराळा. पण आमच्याकडे फोन येतो तो एवढाच: “ओ, लॉगिन होईना बगा.” काय लिहून आलंय विचारलं की उत्तर, “कायतरी इंग्लिशमध्ये आलंतं, ओके दाबलं.” काउंटरवर बसणाऱ्यांना मी दोष देत नाही. समोर पासबुकं घेऊन माणसं उभी असतात, त्यांना इंग्रजी वाचत बसायला वेळ कुठला? राग आहे तो वाचायचे पैसे घेऊन न वाचणाऱ्यांवर.

विश्वास तुटल्याचा मेसेज घ्या. डोमेनमध्ये माणसासारखाच मशीनचाही पासवर्ड असतो. साधारण ३० दिवसांनी मशीन तो स्वतःच बदलतं आणि सर्व्हरला कळवतं. आता मशीन स्लो झालं म्हणून तुम्ही महापुरानंतर काढून ठेवलेली जुनी इमेज (विंडोजसकट अख्ख्या डिस्कची नक्कल) त्यावर टाकलीत, तर मशीनकडे राहतो जुना पासवर्ड आणि सर्व्हरकडे नवा. जुळणार कसं? हे पॉवरशेलमधल्या (विंडोजमध्ये कमांड टाइप करायची खिडकी) एका कमांडनं दुरुस्त होतं. ते न करता फॉरमॅट मारतात, परत तीच जुनी इमेज टाकतात, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या बाईंच्या व्याजाच्या एक्सेल शीट कायमच्या जातात. वर ज्ञान देतात, “मशीन लय दिवस बंद होतं, म्हणून झालं.” साफ खोटं आहे हे. पासवर्ड बदलायची सुरुवात मशीनच करतं. ते महिनोन्महिने बंद असलं तर पासवर्ड बदलतच नाही, मग तुटणार कशानं?

कुपवाडच्या शाखेत याहून संतापजनक प्रकार झाला. इंटरनेट स्लो चालतंय म्हणून कुणीतरी येऊन सगळ्या मशीनचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) ८.८.८.८ करून गेला. अरे, गूगलच्या त्या सर्व्हरला आमच्या ऑफिसातलं डोमेन कुठं आहे ते काय माहीत? ते आमच्याच सर्व्हरला विचारायचं असतं. वेबसाइट धाडधाड उघडायला लागल्या, त्याच्यावर सही घेऊन गडी गेला. जुन्या लोकांचं लॉगिन चालूच राहिलं, कारण आधी येऊन गेलेल्या दहा जणांपर्यंतची ओळख विंडोज मशीनवरच जपून ठेवतं. अडकली ती नुकतीच बदली होऊन आलेली मुलगी. तिलाच तेवढा ‘लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ असा मेसेज. सगळ्या शाखेनं ठरवून टाकलं, हिला कॉम्प्युटर येत नाही. पहिल्याच आठवड्यात! मशीनवरचं ते दहा जणांचं गणित तपासायला कुणीही उठलं नाही.

घड्याळाचं तर विचारूच नका. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला, वळवाच्या वाऱ्यात लाइट गेली, यूपीएस बसला, की मशीन सुरू होतं ते भलतीच तारीख घेऊन. डोमेनचं लॉगिन केर्बेरॉस या ओळख पटवायच्या पद्धतीवर चालतं आणि त्यात सर्व्हर आणि मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक ठरलेल्या सेटिंगनुसार चालत नाही. चहा-वड्याच्या पैशात येणारा सेल आहे तो. त्याची मागणी लिहून दिली की “मार्चएंड होऊ दे, मग बघू.” एक काउंटर तासभर बंद पडलेलं चालतं, सेलचं व्हाउचर चालत नाही.

हे सगळं एकवेळ गिळलं असतं. पण ठेव विभागातल्या मॅडमना मेमो दिला, ते मी गिळणार नाही. त्यांचं खातं सारखं लॉक व्हायचं. पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की लॉक, असा आमचा नियम. साहेबांनी निष्काळजीपणाचा मेमो काढला. तीस वर्षं रुपया न चुकवता कॅश लावणाऱ्या बाईला! मी सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडला. खातं लॉक झालं की तिथे ४७४० नंबरची नोंद पडते आणि कुठल्या मशीनवरून लॉक झालं त्याचं नाव त्यात येतं. नाव होतं रेकॉर्ड रूममधल्या मशीनचं. मॅडम तिकडे फिरकतसुद्धा नाहीत. एएमसीच्या पोरानं शेअर फोल्डर जोडताना त्यांचंच नाव आणि पासवर्ड तिथे सेव्ह करून ठेवला होता. इकडे मॅडमनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला, तिकडे ते मशीन जुनाच पासवर्ड ठोकत बसलं. विंडोज सेव्ह केलेले पासवर्ड जिथे ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद काढली, विषय संपला. नोंद वाचायला चहा निवायच्या आत होणारं काम, पण मेमो टाइप करून, सही करून, आवक-जावकला चढवायला मात्र सगळ्यांना वेळ होता.

आणि तो सारखा पासवर्ड बदलायचा नियम तरी कशाला पाळताय? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की कारण नसताना ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून ही अट काढली. आमच्याकडे ४२ दिवस म्हणजे ४२ दिवस. परिणाम काय? प्रत्येक कीबोर्डखाली चिठ्ठी. ही सुरक्षा म्हणायची?

साहेब, लॉगची प्रिंट तुमच्या टेबलावर ठेवलीय, तारीख-वेळेसकट. मॅडमचा मेमो लेखी मागे घ्या आणि त्याची प्रत त्यांच्या फाइलला लावा. रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्याच्या नावानं पासवर्ड ठेवणाऱ्या एएमसीला लेखी खुलासा विचारा, आणि तो येईपर्यंत त्यांच्या बिलावर सही करू नका.