शांतता समितीवर जायचंय?

गणपती जवळ आले की कोल्हापुरात शांतता समितीची बैठक आलीच. यंदा तुम्हीही जा. पोलीस आणि जनता यांच्यातला दुवा व्हायची संधी गणपती, ईद, शिवजयंती अशी वर्षातून तीन-चारदाच मिळते, तीही चहासकट.

शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. खिशाला पेन, पण लिहायच्या भानगडीत पडू नका. बसायचं पहिल्या रांगेत. मागं बसलात की तुम्ही नुसते नागरिक. (गेल्या वर्षी मी मागं होतो. चहा तिथवर आलाच नाही.)

भाषणाची सुरुवात ‘ही राजर्षी शाहूंची नगरी आहे’ अशी करा. पुढचं सुचेपर्यंत टाळ्या पुरतात. मग घसा खाकरून जाहीर करा, यंदा आमच्या मंडळात फक्त पारंपरिक वाद्यं. पहिली टाळी डॉल्बीवाला वाजवेल. त्यानं ॲडव्हान्स घेतलेला असतो, तुमच्याकडूनच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, असं साहेब सांगतील. मान डोलवा. आमच्या गल्लीत तेवढं नुसत्या शिट्ट्यांनीच होतं.

एक मात्र करू नका. गेल्या वर्षी एक मावशी उठल्या. "साहेब, बोळातला दिवा दोन म्हैने बंद हाय. पोरी क्लासवरनं येत्यात आणि तितंच टोळकं बसतंय." ‘लेखी द्या’ म्हटल्यावर मावशींनी पिशवीतून लेखीच काढलं, घडीवर घडी पडलेलं, तिसरं. मग दिवा महापालिकेचा विषय निघाला. टोळकं कुणाचा विषय, हे ठरायच्या आत सत्कार सुरू झाले.

एखादा अभ्यासू माणूस भिवंडीचं नाव काढेल. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. साधे पोलीस आणि दोन्हीकडची साधी माणसं नेमानं एकत्र बसू लागली. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ऐकून घ्या, मनावर घेऊ नका. सणवार नसताना बसायचं म्हणजे शाली कुठून आणायच्या?

आमच्या बीटचा हवालदार प्रत्येक पोराला नावानं हाक मारायचा. कुणाच्या बापाची दारू सुटली, कुणाची पुन्हा सुरू झाली, सगळं तोंडपाठ. टोळक्याला तो नुसता गाडी थांबवून ‘अभ्यास झाला का रे?’ विचारायचा, कट्टा रिकामा. पण बैठकीला तो कधी दिसला नाही, बंदोबस्तावर असायचा. मग बदली झाली. नवा आला त्याच आठवड्यात शाहू स्टेडियमवर पेठांतल्या दोन संघांची मॅच, म्हणजे तोही बंदोबस्तावर. त्याला गल्ली अजून माहीत नाही, गल्लीला तो.

राहता राहिलं 112. रात्री साडेअकराला तावदानं थरथरायला लागली तरी फिरवू नका. मी फिरवला. गाडी यायच्या आधी मंडळाच्या पोरांचा फोन आला, "काका, तक्रार तुमीच केलासा न्हवं?" मागोमाग गाडी आली. साहेब उतरले, विचारलं, "समितीवर कोण आहे इथलं?" गर्दीतून पांढरा शर्ट पुढं आला, गुलालानं माखलेला. दोघांनी मिळून आवाज कमी करायला लावला.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत कमीच होता.