पेपर सारखा असला म्हणून झालं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची कॉमेंट काल रात्री वाचली. राग आला होता हे खरं, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आज रविवार, मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाहीये, तर नीट बसून लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की सरकारी नोकरीत कोण आत येणार आणि कोण वर जाणार हे नुसत्या परीक्षेवर सोडलं की न्याय झाला असं होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी आतला माणूस, त्यामुळे सिनियॉरिटीची तळी उचलणारच, प्रमोटी (बढतीने वर आलेले) म्हणजे खुर्ची गरम करणारे, परीक्षेचा पेपर सगळ्यांना सारखा असतो त्याहून फेअर काय असणार, आणि तुमच्या बहिणीची सरळसेवेने, म्हणजे बाहेरून थेट भरतीने, निवड होऊन अकरा महिने झाले तरी नियुक्तीपत्र नाही कारण "तुमच्यासारख्यांनी जागा अडवून ठेवल्यात".

आतला माणूस आहे, हे मान्य. सहा वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका-बढत्यांचं काम बघणाऱ्या शाखेत, काढलीत, सेवाज्येष्ठता याद्या, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे जागांची यादी), सीआर म्हणजे गोपनीय अहवालांच्या फाईली, डीपीसीचे म्हणजे बढती ठरवणाऱ्या समितीचे कागद, सगळं हाताखालून गेलंय. म्हणूनच सांगतो की परीक्षा चांगली की सिनियॉरिटी चांगली हे भांडण आपण गेली कित्येक वर्षं घालतोय आणि माणसाचं नुकसान होतं ते भलतीकडेच होतं. ते होतं उशिरात, आणि ज्याचं नशीब ठरतंय त्यालाच न दाखवलेल्या कागदात.

आधी पेपर सारखा असण्याबद्दल. आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आयएएसची, परीक्षा १८५५ पासून स्पर्धेने व्हायची, पेपर सगळ्यांना एकच, फक्त केंद्र लंडनला! दादाभाई नौरोजींनी वर्षानुवर्षं लावून धरलं की हीच परीक्षा एकाच वेळी भारतातही घ्या, १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेत तसा ठराव पाससुद्धा झाला, आणि प्रत्यक्षात इथे परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. पेपर सारखाच होता हो तेव्हाही. आज लंडनच्या जागी पुण्यातल्या पेठा आहेत, क्लासची फी आहे, कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आहे, मेसचे पैसे आहेत. आमच्या बाजूच्या चाळीतली एक मुलगी दिवसभर दुकानात काम करून रात्री नऊला अभ्यासिकेत जाऊन बसायची, अभ्यासिका अकराला बंद, म्हणजे तिला दिवसाचे दोन तास. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्याला बारा तास. परीक्षा नको असं मी म्हणत नाहीये, परीक्षेसारखं दुसरं काही मला तरी सुचत नाही आणि ती गेली तर वशिला येईल हे मलाही दिसतं, पण सारखा पेपर म्हणजे सारखी संधी असं तुम्ही म्हणू नका.

आणि कधी कधी पेपरही सारखा नसतो. २०२३ ची तलाठी भरती आठवा, चार हजारांवर जागा, दहा लाखांवर अर्ज, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये फी, परीक्षा जवळपास महिनाभर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये. निकाल लागला तर २०० पैकी २१४ मार्क. लोक भडकले. नॉर्मलायझेशन म्हणजे काय ते मला कळतं, अवघड शिफ्टवाल्यावर अन्याय नको म्हणून मार्क वर-खाली करतात आणि त्या गणितात दोनशेच्या वर आकडा जाऊ शकतो. गणित बरोबर असेलही. पण ज्या पोराने दोन वर्षं घालवली त्याला त्याचे मूळ मार्क, त्याच्या शिफ्टचा हिशोब आणि शेवटचा आकडा हे तिन्ही एका कागदावर, त्याला कळेल अशा भाषेत पहिल्याच दिवशी मिळायला हवेत. नाहीतर प्रामाणिक निकालसुद्धा घोटाळाच वाटणार, आणि आपल्याकडे २०२१ मध्ये आरोग्य भरतीचा पेपर फुटलेला लोकांनी पाहिलाय, त्यामुळे संशय घेणाऱ्याला तरी दोष कसा देणार.

इंटरव्ह्यूबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत की तिथे पर्सनॅलिटी कळते. कळत असेल. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये हरियाणाच्या केसमध्ये सांगितलं होतं की इंटरव्ह्यूला १२.२ टक्क्यांच्या वर वजन नको, तेव्हा यूपीएससीचं प्रमाण तेवढं होतं म्हणून. आपल्या राज्यसेवेत आधी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १००, म्हणजे अकरा टक्क्यांच्या आसपास. आता वर्णनात्मक पॅटर्नमध्ये १७५० आणि २७५, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या पुढे. पॅटर्न बदलला तेव्हा मुलं रस्त्यावर उतरली ती बहुतेक अभ्यास नव्याने करावा लागणार म्हणून, आणि तो बदल २०२५ पर्यंत पुढेही गेला, पण मुलाखतीचं वजन वाढलं यावर मी फारशी चर्चा वाचली नाही. मला हे खटकतं. बंद खोलीतल्या अर्ध्या तासाचे मार्क जितके कमी तितकं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खुर्ची गरम करणारे. इथे मला जरा वेळ द्या.

आमच्या ऑफिसात एक ताई होत्या. टिटवाळ्याहून यायच्या, सकाळची सहाची लोकल, डब्यात दोन वेळचं जेवण कारण परत जायला साडेआठ. लिपिक म्हणून लागलेल्या, मराठी तीसची, इंग्रजी चाळीसची टायपिंग, आणि अधिवेशनाच्या काळात विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय वर जायची नाहीत. डीपीसी लागली. यादी मी केली होती. त्यांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलं, "दोन वर्षांचे गोपनीय अहवाल अपूर्ण, पुढील बैठकीत विचार व्हावा." फाईल काढून बघितली होती मी. दोन्ही वर्षांच्या फॉर्ममध्ये त्यांनी स्वतःचा भाग निळ्या शाईने, स्वच्छ अक्षरात भरलेला, केलेल्या कामाचे आकडे सुद्धा दिलेले, आणि खाली प्रतिवेदन अधिकाऱ्याचा भाग पांढरा कोरा. साहेब बदलून गेले, मग रिटायर झाले, लिहायचं राहून गेलं. त्यांच्या खालचे चार जण वर गेले. पुढची बैठक चौदा महिन्यांनी झाली.

त्या चौदा महिन्यांत ताई माझ्या टेबलाशी किती वेळा आल्या याचा हिशोब नाही. कधी आवाज चढवला नाही. एकदा एवढंच म्हणाल्या, "साहेबांनी लिहिलं नाही, त्यात माझं काय चुकलं ते तरी लिहून द्या." माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर उत्तर होतं. अहवाल उपलब्ध नाहीत असं अर्ध्या पानाचं प्रमाणपत्र लावायचं आणि त्याआधीच्या वर्षांचे सीआर विचारात घ्यायचे, इतकीच गोष्ट. शाखेत कुणी ते केलं नाही, मीही केलं नाही, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि वर विचारायची हिंमत केली नाही. शेवटी झालं तेव्हा अकरा मिनिटांत टाइप झालं ते प्रमाणपत्र. ताईंना मानीव दिनांक मिळाला, म्हणजे कागदावर बढती मागच्या तारखेपासून, पण मधल्या महिन्यांच्या पगाराचा फरक नाही. त्या पदावर प्रत्यक्ष सात महिने बसल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाल्या. तुम्ही ज्यांना खुर्ची गरम करणारे म्हणता त्यांच्यात त्या येतात का? मला हे उत्तर तुमच्याकडून हवंय.

सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या केसमध्ये सांगितलंय की सीआरमधली प्रत्येक नोंद, चांगली असो वाईट असो, त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या गृहस्थांना एका वर्षी "चांगला" शेरा होता आणि बढतीला "खूप चांगला" लागत होता, म्हणजे वाचायला शाबासकी आणि परिणाम शिक्षेचा, आणि त्यांना पत्ताच नाही. २०१३ मध्ये कोर्टाने हेच परत ठासून सांगितलं.

हां, तुमचं एक म्हणणं मला पटतं. नुसती सिनियॉरिटी असली की चांगलं काम करणारा आणि टंगळमंगळ करणारा एकाच रांगेत पुढे सरकतो, आणि मग चांगल्याचाही हात सैल होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला पोलिसांतलं पीएसआयचं वर्षानुवर्षं चाललेलं प्रमाण आवडायचं, पन्नास टक्के सरळसेवा, पंचवीस टक्के खात्यांतर्गत परीक्षा, पंचवीस टक्के ज्येष्ठता. वाद त्यातही झाले, पण तिन्ही प्रकारच्या माणसांना दार उघडं राहायचं. फक्त खात्यांतर्गत परीक्षेला अभ्यास करायला वेळ कुणाला मिळतो तेही बघा. आवक-जावकला बसलेल्याला मिळतो. अधिवेशनाला पेट्या भरून नागपूरला जाणाऱ्याला मिळत नाही, घरी म्हातारी सासू असलेल्या बाईला मिळत नाही. कामाचं टेबल कुणाला कुठलं द्यायचं हे साहेब ठरवतात, म्हणजे परीक्षेतही साहेब आलेच.

सरळसेवा विरुद्ध प्रमोटी हे भांडण तर आपल्याच राज्यातल्या इंजिनियरांनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेलेलं. १९७७ मध्ये पटवर्धन केसमध्ये कोर्टाने म्हटलं की सरळ आलेल्याची ज्येष्ठता नेमणुकीपासून आणि बढतीने आलेल्याची "कायम" केल्यापासून मोजणं चूक, कारण कायम कधी करायचं हे सरकारच्या मर्जीवर. मग सरळसेवेवाले कोर्टात गेले, आणि १९९० मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल तर त्या तारखेपासून ज्येष्ठता, तात्पुरती सोय म्हणून नियमाबाहेर बसवलं असेल तर ते दिवस धरायचे नाहीत. हे वाचताना मला एकच दिसतं, बैठका वेळेवर झाल्या असत्या, नेमणुका वेळेवर निघाल्या असत्या तर या दोन गटांना कोर्टात भेटायचं कारणच फार उरलं नसतं. पदोन्नतीतल्या आरक्षणाचंही तेच, २०१७ च्या हायकोर्टाच्या निकालापासून ७ मे २०२१ च्या जीआरपर्यंत (शासन निर्णयापर्यंत) दोन्ही बाजूंची माणसं एकाच खोळंब्यात उभी होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. त्या विषयावर वेगळं लिहीन, दोन ओळींत उरकण्यासारखा तो नाही.

तुमच्या बहिणीची जागा कुणा प्रमोटीने अडवलेली नाही. सरळसेवेचा कोटा वेगळा, बढतीचा वेगळा. तिची फाईल बहुतेक कागदपत्रं, वैद्यकीय किंवा चारित्र्य पडताळणी यांपैकी कशावर तरी बसलेली असणार, आणि कुठल्या टेबलावर बसलीय ते विचारायचा तिला हक्क आहे. तिला सांगा, त्या विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे म्हणून फापटपसारा नको. शिफारस यादी विभागाला कुठल्या तारखेला मिळाली, पडताळणीची पत्रं कुठल्या तारखांना कुणाला गेली, उत्तरं कधी आली, आणि आज फाईल कुणाकडे कधीपासून आहे, एवढंच विचारायचं, "का उशीर झाला" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर देत नाहीत. अर्ज हातोहात देऊन आवक क्रमांक घ्यायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मसुदा करून हवा असेल तर इथेच खाली लिहा, नाव-गाव न टाकता, मी आज संध्याकाळपर्यंत टाकतो.